हनुवटीवरचे तीन ठिपके

परवा नव्या मोबाईलनं माझ्या फोटोतले चेहऱ्यावरचे डाग आपोआप पुसून टाकले, आणि लातूरच्या एका क्लाससाठी मी केलेली वेबसाइट आठवली. बारावीत पहिल्या आलेल्या मुलीचा आईवडिलांसोबतचा फोटो क्लासवाल्यांना तिच्यावर हवा होता. आई भूकंपात गेलेली. मुलगी तेव्हा तान्ही. ढिगाऱ्यात सापडलेला, ओल लागून डागाळलेला आईचा एकुलता एक फोटो त्यात जोडायला घेऊन बाप-लेक माझ्याकडं आले. मी तो स्कॅन केला आणि दोघांसमोरच एकेक डाग पुसत गेलो.

वडील स्क्रीनकडं बघत राहिले. "लई साफ केलंत, साहेब. पण तिच्या हनुवटीवरलं गोंदण कुठं गेलं?"

मुलगी वळली. "आईला गोंदण होतं?"

मी सगळे डाग परत आणले. त्यांतले गोंदणाचे तीन ठिपके वडिलांनी तिला बोटानं दाखवले.