पहिल्या आठवड्याचं पाणी

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येतो. फ्रिजची वॉरंटी, बँकेचं पत्र, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, सगळं. मला इंग्लिश मीडियमला घातलं त्याची वसुली अशी अजून चालू आहे. त्यामुळे सर्जनने अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात डाएटचा छापील कागद दिला, तेव्हा त्यांनी तो न उघडताच घरी आणून माझ्यासमोर ठेवला.

"वाच माय, काय काय बंद करायला सांगायलाय ते."

अप्पांना बेंबीचा हर्निया झाला होता. बेंबीशेजारी लिंबाएवढा फुगवटा, खोकला आला की तोही पुढे यायचा. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. ऑपरेशन करू, पण आधी दहा किलो उतरवा, म्हणजे टाके टिकतील. घाई नाही. तोपर्यंत जड उचलायचं नाही, आणि फुगवटा दुखायला लागला किंवा आत जाईनासा झाला तर त्याच दिवशी यायचं.

घाई डॉक्टरांना नव्हती, अप्पांना होती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं आडतीचं दुकान आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन यायला लागलं की दिवाळी उलटेपर्यंत अप्पांना नीट जेवायलाही सवड नसते, मग दवाखान्यात झोपायला कुठली? ऑपरेशन व्हायचं तर सोयाबीनच्या आधी, नाहीतर ते लिंबू पोटावर घेऊन अख्खा हंगाम काढायचा. आईला त्या हंगामाचीच धास्ती होती, कारण गडबडीत अप्पा पोत्याला हात लावल्याशिवाय राहत नाहीत. आणि श्रावण तर लागला होता.

हा लेख वजनाबद्दल आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. माझ्या वजनाबद्दल यात काही येणार नाही.

मी कागद वाचला. भाकरी, पोळी, भात, बटाटा, साखर जवळजवळ बंद. पालेभाज्या, पनीर, दही, शेंगदाणे चालतील. अंड्यांच्या आणि चिकनच्या ओळी मी गाळल्या, आमच्या घरात त्या मोठ्याने वाचायची सोय नाही.

"भाकर बंद?" आई म्हणाली. "मग भाजी कशासंगं खायची?"

"नुसती."

"नुसती भाजी." आईने तव्याकडे असं पाहिलं, जणू त्यालाच नोकरीवरून काढलं होतं. "आन पनीर रोज? घरात रोज कुणाचं लगीन हाय?"

कागदाच्या तळाशी एक ओळ होती, तीही मी वाचली. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं, पण त्यात बरंचसं पाणी असतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी चांगलं समजावं. माझा आवाज मुळात लहान, त्यात कुकरची शिट्टी झाली. शिट्टी संपेपर्यंत अप्पा उठून गेले होते.

डाएट सुरू झालं. अप्पा ताटापुढे बसून वांग्याची भाजी चमच्याने खायचे, आणि आई तेवढ्या वेळापुरती खिडकी लावून घ्यायची. चमच्याने जेवणारा माणूस म्हणजे मोठा आजारी, असं तिचं मत होतं, आणि शेजाऱ्यांचंही तेच मत असणार याची तिला खात्री होती. अप्पा मात्र जोरात होते. भूक लागली की शेंगदाणे, पुन्हा लागली की दही. "काही जड न्हाई," ते म्हणायचे.

घरात वजनकाटा नव्हता. अप्पांना त्याची गरजही वाटली नाही, कारण दुकानात पोती तोलायचा काटा होता; सुरुवातीचं वजनही त्यांनी त्यावरच केलं होतं. आठवडा झाल्यावर सोमवारी सकाळी, लिलाव सुरू व्हायच्या आधी, अप्पा त्या काट्यावर उभे राहिले. मोंढ्यात वजन मनात वाचायची पद्धत नाही. मापाडी आकडा खड्या आवाजात पुकारतो, म्हणजे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि रस्त्याने जाणाऱ्याला एकदमच कळतो. अप्पांचाही त्याने तसाच पुकारला. वर विचारलं, "मालक, रिकाम्या पोत्याचं कापतो तसं कपड्याचं बारदान म्हणून काही कापू का?"

पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो उतरले होते.

ही बातमी आमच्या घरी अप्पांच्या आधी पोचली, कारण शेजारच्या आडतीचे काका त्यांच्या मोटारसायकलवरून घरासमोरून जाताना ओरडले, "वहिनी, पेढे करा, शेठ वाळायलेत!"

दुपारी अप्पांनी हिशोब मांडला. एका आठवड्यात साडेतीन, मग तीन आठवड्यांत दहा. पोळ्याच्या आत वजन उतरलं, भाद्रपदात ऑपरेशन, महिनाभर आराम, दसऱ्याला गादीवर हजर. एवढ्यावर ते थांबले असते तर गोष्ट घरातच राहिली असती. पण त्यांनी हे मोंढ्यात सांगून टाकलं. मोंढ्यात लाखाचे व्यवहार तोंडी होतात, आणि तोंडातून निघालेला शब्द मागे घेणारा माणूस पुढच्या हंगामात एकटाच चहा पितो. अप्पांनी आजवर कधी शब्द मागे घेतला नव्हता. आता त्यांनी दहा किलोंचा सौदा पोळ्याच्या बोलीवर केला होता, आणि माल द्यायचा होता तो स्वतःच्या अंगातून.

दुसऱ्या सोमवारी पाऊण किलो उतरलं. तिसऱ्या सोमवारी काहीच नाही.

"काटा बिघडलाय," अप्पा म्हणाले. मापाड्याने काट्यावर पन्नास किलोंचं माप ठेवून दाखवलं. काटा पन्नासच दाखवत होता. अप्पांनी मापाकडेही संशयाने पाहिलं.

मला कारण दिसत होतं. एक तर श्रावणी सोमवार. आमच्या घरात महादेवाचा उपवास कडक असतो, म्हणजे धान्य कडकपणे वर्ज्य आणि त्याच्या जागी साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी, वर राजगिऱ्याचा लाडू. अप्पांच्या मते डाएटमध्ये उपवास म्हणजे दुप्पट फायदा. मी एकदा म्हणाले, "अप्पा, साबुदाण्यात भाकरीपेक्षा जास्त पीठ असतं."

"देवाच्या फराळात कुठलं पीठ?" आईनेच परस्पर उत्तर दिलं, आणि अप्पांच्या ताटलीत आणखी एक पळी खिचडी पडली.

दुसरं कारण ती कागदावरची ओळ. पण तिच्याबद्दल पुन्हा बोलायला माझं तोंड उघडेना. अप्पा घरात खूश असले की मी बोलून त्यांचा विरस करत नाही, आणि नाखूश असले की मुळात बोलत नाही. अशाने बोलायच्या जागा फार उरत नाहीत.

पोळा जवळ आला तसा अप्पांनी आपल्या मनाने संध्याकाळचं जेवण बंद केलं. मग सकाळचं निम्मं केलं. आई रडकुंडीला आली. काका मोंढ्यात रोज विचारायचे, "शेठ, किती राहिले?" आणि अप्पा म्हणायचे, "होतंय, होतंय." मग एके दिवशी भर लिलावात त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते हरभऱ्याच्या थप्पीवर बसले. बसले म्हणजे खाली गेले, थप्पी मध्ये होती म्हणून बरं. काकांचा फोन आला. आईने डबा भरला, त्यात भाकरी घातली, आणि तिची स्वतःची कंबर धरल्यामुळे डबा माझ्या हातात दिला.

मोंढ्यात मी सहसा जात नाही. तिथे सगळे एकमेकांना लांबून हाका मारतात, आणि मुलगी दिसली की हाका थांबतात, ते जास्त अवघड होतं. मी ऑटोतून उतरले, खाली बघत दुकानात गेले आणि डबा गादीवर ठेवला. अप्पा बसलेले होते, चेहरा उतरलेला, पण धंदा चालू. समोर झरीकडचे एक शेतकरी नवा मूग घेऊन आले होते. अप्पांनी पोत्यात हात घातला, चार दाणे घेतले आणि एक दाताखाली धरला. वाळलेला दाणा असला की कट्‌ आवाज येतो. आवाज आला नाही.

"ओला हाय," अप्पा म्हणाले.

"थोडी ओल असंल, मालक. वजन तर बघा की."

"वजनाचं काय सांगायलास? चार उन्हं दे, मग आण. आज तोललं तर ते वजन तुझं न्हाई, पाण्याचं हाय. वाळल्यावर जे उरंल ते तुझं."

मी डब्याचं झाकण उघडत होते. माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, तुमचंपण तेच झालंय."

एवढ्या मोठ्याने मी बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं. शेजारच्या गादीवरून काकांनी मान वळवली. शेतकरीही माझ्याकडे बघायला लागले. आता माघार घ्यायला जागा नव्हती. मी डब्याकडे बघून बोलत राहिले. "भाकरी बंद केली की अंगात साठलेली साखर संपते. तिच्यासोबत पाणी धरलेलं असतं, ते आधी जातं. पहिल्या आठवड्यातले साडेतीन किलो बहुतेक पाणीच होतं. ते तुम्ही मालात धरलं आणि त्या भावाने पोळ्याचा वायदा केला."

मग काका इतके हसले की त्यांच्या हातातला चहा बशीत आला. "शेठ! आयुष्यभर लोकांची ओल कापली, आन घरचाच माल ओला घेतला की वो!"

ओल्या मुगाचे मालक तर मनापासून हसले. माझे कान तापले. अप्पांनी डबा पुढे ओढला, भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि चावता चावता बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.

"खरा माल किती उतरलाय मग?" त्यांनी विचारलं.

"दोन किलो धरा."

"आन दहा व्हायला?"

"आठवड्याला अर्धा किलो, त्यात सणांचे तीन-चार आठवडे वाया धरा. दोन्ही वेळ जेवून. संक्रांतीच्या पुढे जाईल."

"दिवाळी कर."

"नाही होणार."

"बरं, तुळशीचं लग्न."

"संक्रांतीच्या पुढे, अप्पा."

"थोडं तर खाली ये!"

मी आले नाही. अप्पा काकांकडे वळून म्हणाले, "बघ, हिला गादीवर बसवलं असतं तर आज माझं दुकान कुठल्या कुठं असतं." तक्रारीच्या सुरातच म्हणाले, पण त्यानंतर त्यांनी दुसरी भाकरी मोडून अर्धी परत डब्यात ठेवली.

त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशन कधी करायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, संक्रांतीनंतर चालेल. तोपर्यंत पोटाला पट्टा बांधा, पोत्याला हात लावू नका आणि चक्कर येईपर्यंत उपाशी राहू नका. मोंढ्यात शब्द मागे घ्यायचं काम अप्पांनी स्वतः केलं. काट्यावर उभं राहून, मापाड्याने पुकारायच्या आधी, ते म्हणाले, "पोळ्याचा सौदा मोडला. माल ओला निघाला." लोकांनी चार दिवस चेष्टा केली, मग सोयाबीन यायला लागलं आणि कुणाला चेष्टेला वेळ उरला नाही. हंगाम त्यांनी पट्टा बांधून, हात मागे धरून काढला. आईने दुकानातल्या हमालांना बजावून ठेवलं होतं, मालकानं पोतं उचललं तर आधी मला फोन करायचा. वजन दिवाळीत थांबलं, एकदा उलट वाढलंही, पण अप्पा जेवत राहिले.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाल्यावर ऑपरेशन झालं. दहाला किलोभर कमीच होता, डॉक्टरांनी तेवढा सोडला. संध्याकाळी अप्पा नीट शुद्धीवर आले. डॉक्टर खाटेजवळ आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, आतलं काढलं ते किती भरलं? ते माझ्या वजनातून कापायचं का न्हाई?"

"काढलं काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "आत सरकवलं आणि वरून जाळी बसवली."

अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "मंजे वाढलंच की!"