बुधवारचे तीन पत्ते

यशोधरा भिंगारदिवेचं नाव दर बुधवारी पेपरात छापून येई, आणि दर बुधवारी सकाळी तिला पेपर उघडायची धास्ती वाटे. पेपर तसा लहानच, ‘दैनिक सीनाकाठ’, नगर शहर आणि आसपासच्या चार तालुक्यांत जाणारा. पाचव्या पानावर खाली डाव्या हाताला तिचं सदर असायचं, ‘तीन पत्ते’. इंटरनेटवरच्या तीन जागांचे पत्ते आणि तिथं गेल्यावर काय बघायला मिळेल ते आठ-दहा ओळींत. दोन पत्ते उपयोगाचे, एक गमतीचा. नाव संपादक भाऊसाहेबांनी ठेवलेलं. जुगाराचं नाव वाटतं म्हणून तिला ते रुचलं नव्हतं, पण संपादकांना तसं सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं.

साल एकोणीसशे नव्याण्णव. यशोधरा सव्वीस वर्षांची. सावेडीत शामकांत सरांच्या संगणक वर्गात ती शिकवायची. वर्गात इंटरनेट होतं, पण फोनची लाइन एकच. त्यामुळे सकाळी सात ते आठ, पोरं यायच्या आत, सर तिला लाइन देत. मोडेम कण्हत-किंचाळत जोडला जायचा, कधी जोडलाच जायचा नाही. जोडला तर ती वहीतले पत्ते एकेक करून उघडायची. ढगांचे उपग्रहातून काढलेले फोटो, रेल्वेची वेळापत्रकं, इंग्रजी शब्दांचे अर्थ. एका ठिकाणी जन्मतारीख घातली की त्या दिवशी कोणता वार होता ते कळायचं. तिच्या वडिलांची, भीमराज यांची, तारीख मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिलेली, एक जून चाळीस. तो शनिवार निघाला. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले भीमराज आठवडाभर लोकांना सांगत होते, “आपला जन्म शनिवारचा हाय. अमेरिकेतून कळलं.”

दर बुधवारी सदराचं कात्रण कापून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत. आणि नेमकं तेच यशोधराला भीतीचं वाटे. पेपरात नाव येतं म्हणजे नावाकडे बोट दाखवायचीही सोय होते. भिंगारदिवे म्हटलं की घर कुठलं, माणसं कुठली, हे नगरात कुणाला सांगावं लागत नाही. एखाद्या जोश्या-कुलकर्ण्याची चूक ही नुसती चूक असते, आपली चूक झाली तर आपल्याबरोबर सगळ्या वस्तीचा उद्धार होतो, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. म्हणून तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. त्या आठवड्यात स्वतःच्या हातानं उघडून पाहिल्याशिवाय एकही पत्ता द्यायचा नाही.

राजूरहून राधाकृष्ण गुरुजी म्हणून एका प्राथमिक शिक्षकांचं पोस्टकार्ड यायचं. त्यांच्या गावात इंटरनेट सोडाच, फोनही धड लागत नव्हता. तरी ते सदर पोरांना वाचून दाखवत आणि पत्ते वहीत उतरवून घ्यायला लावत. “पत्ते साठवतो आहोत, गाडी येईल तेव्हा निघू,” असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून तिला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. न पाहिलेल्या गावाचा रस्ता लोक आपल्या शब्दावर लिहून घेत होते.

नियम मोडला तो ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी. अकरा तारखेला सूर्यग्रहण होतं, सगळीकडे त्याचीच चर्चा. ग्रहणाची चित्रं आणि मुलांना समजेल अशी माहिती असलेली एक फार चांगली जागा तिनं दोन आठवड्यांपूर्वी पाहिली होती. पण त्या सोमवारी पावसानं लाइन गेलेली, आणि मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा. वही घरी राहिली होती. पत्ता पाठ होता. तिनं रेघांच्या कागदावर तो लिहिला, शेवटी नेहमीसारखं ‘डॉट कॉम’ लावलं आणि कागद सीनाकाठच्या कचेरीत पोचवला.

बुधवारी सदर छापून आलं. गुरुवार शांत गेला. शुक्रवारी दुपारच्या बॅचला अपूर्वा नावाची बारावीतली मुलगी आली. तिची धाकटी बहीण जवळच्याच मुलींच्या शाळेत होती. अपूर्वा खुर्चीत बसेना, टेबलाशी घुटमळत राहिली.

“मॅडम, तुम्हाला कळलं का? काल शाळेत नव्या संगणक खोलीचं उद्घाटन होतं.”

“मग?”

“मोठ्या बाईंनी पेपर समोर ठेवून तुमचा ग्रहणाचा पत्ता उघडला. सगळे पालक होते, संस्थेचे अध्यक्ष होते. आणि मॅडम, तिथं...” अपूर्वानं मान खाली घातली. “घाणेरडे फोटो आले. बाईंनी भिंतीवरचं बटणच बंद केलं. बहीण रात्रभर रडत होती.”

यशोधराच्या हातातला खडू खाली पडला. बॅच तिनं कशी घेतली ते तिला नंतर आठवलं नाही. पोरं गेल्यावर तिनं आधी कडेच्या संगणकाचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मोडेम लावला. लाइन कधी नाही ती पहिल्या झटक्यात लागली. तिनं पेपरातला पत्ता अक्षर न् अक्षर घातला.

चित्र वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरायला लागलं. आधी काळी पट्टी, मग केस, मग कपाळ. क्षणभर तिला वाटलं, कुणी शास्त्रज्ञ बाई असेल. मग उघडा खांदा आला आणि तिनं फोनची वायरच उपसून काढली. पडद्यावर चित्र तेवढंच थांबून राहिलं. ते पुसायचं कसं हे रोज शिकवणाऱ्या बाईला त्या घडीला सुचेना. मागून शामकांत सर आले तेव्हा ती पडद्यापुढं हात पसरून उभी होती.

सरांना ते आधीच कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, “भाऊसाहेबांचा फोन होता. पाच वाजता बोलावलंय. जाऊन या.”

वाटेत ती घरी थांबली आणि वही उघडली. तिच्याच अक्षरात, दोन आठवड्यांपूर्वीच्या तारखेखाली लिहिलेलं होतं. शेवटी ‘कॉम’ नव्हतं, ‘ओआरजी’ होतं. तीन अक्षरांचा फरक. आई, भागीरथी, गॅसवरून चहा उतरवत म्हणाली, “चेहरा का असा पडलाय गं?” यशोधरानं वही पिशवीत कोंबली आणि डोकं दुखतंय म्हणाली.

सीनाकाठच्या कचेरीचा जिना लाकडी आणि अरुंद होता. वर दोन पालक बसलेले, त्यातला एक चपलेनं सारखी फरशी आपटत होता. भाऊसाहेबांच्या समोर गहिनीनाथ उभा होता. हा पन्नाशीचा माणूस आधी छपाईचे शिशाचे खिळे हातानं जुळवायचा, छापखाना बदलला तेव्हा या वयात संगणकावर अक्षरजुळणी शिकला. यशोधराचा मजकूर तोच उतरवून घ्यायचा. इंग्रजी त्याला वाचता येत नसे. चित्र पाहून काढावं तसा तो एकेक अक्षर पाहून दाबायचा.

“या मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले. “घाबरू नका. चूक आमच्याकडची आहे. यानं पत्ता चुकीचा टाकला. उद्याच्या अंकात ‘छपाईतील दोष’ म्हणून दिलगिरी छापतो. हे दोघं त्यावर समाधानी आहेत.”

“आणि हा?” चप्पल आपटणाऱ्यानं विचारलं.

“त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय.”

गहिनीनाथनं हात जोडले नाहीत की वाद घातला नाही. यशोधराकडे पाहून तो म्हणाला, “माफ करा ताई. इंग्रजी आपलं कच्चं हाय. तुमी बरूबर लिवलं आसंल, माझ्याच बोटानं घान केली.”

तिचा कागद रद्दीत गेला होता. खरं काय ते आता एका वहीला आणि तिला एवढंच माहीत होतं. ‘नाही, मीच तसं लिहिलं होतं,’ हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. चप्पल पुन्हा फरशीवर आपटली. ते वाक्य तसंच जिभेवर घेऊन ती जिना उतरली.

घरी गेल्यावर मात्र तिला लपवता येईना. भीमराज पायरीवर बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि आधी दार लावून घेतलं. हा माणूस वर्कशॉपात साहेबाच्या तोंडावर खरं बोलणारा म्हणून ओळखला जायचा. जयंतीला स्टेजवर उभं राहून पोरांना ‘भिऊ नका’ म्हणून सांगणारा. तो दबक्या आवाजात म्हणाला, “आता गप बस. त्यांनी मिटवलंय ना? मग उकरू नको.”

“पण अण्णा, त्या माणसाची नोकरी गेली.”

“त्याला दुसरीकडं मिळंल. तुझं नाव असल्या फोटोंच्या संगं जोडलं गेलं तर ते पुसून निघत न्हाई. पोरगी हायेस तू. लोक चूक झाली म्हणत न्हाईत, मुद्दाम केलं म्हणतात.” आपला बाप घाबरलेला यशोधरानं पहिल्यांदाच पाहिला, आणि तिची भीती दुप्पट झाली.

शनिवारी सकाळी दिलगिरी छापून आली, पाचव्या पानावर, चौकटीत. ‘अक्षरजुळणीतील दोषामुळे.’ ती चौकट तिनं किती वेळा वाचली कोण जाणे. प्रत्येक वाचनागणिक तिला वाटे, कुणीतरी रद्दीतला मूळ कागद घेऊन दारात उभं राहील. रिक्षा थांबली की दचकायची, शेजारणीनं हाक मारली की दचकायची. दहा वाजता तिच्या लक्षात आलं, की असंच पुढं वर्षानुवर्षं दचकत राहावं लागणार. गहिनीनाथबद्दलची कणव तर होतीच, पण खरं सांगायचं तर तिला घराबाहेर काढलं ते या विचारानं. तिनं वही घेतली आणि कुणाला न सांगता शाळेचा रस्ता धरला.

शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका लीना बाई, खोलीत एकट्याच होत्या. यशोधरानं वही टेबलावर उघडून ठेवली.

“पत्ता मीच चुकीचा लिहिला, बाई. छापणाऱ्याची चूक नाही. त्या दिवशी मी उघडून पाहिला नव्हता.”

बाईंनी वही पाहिली, पेपर पाहिला.

“तुला कळतंय का, मला अध्यक्षांनी लेखी खुलासा मागितलाय?” त्या म्हणाल्या. “सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. दीडशे मुलींसमोर मला बटण शोधावं लागलं, आणि सापडेना.”

“हो.”

“मग का आलीस? छापून आलं होतं की, दोष त्यांचा म्हणून.”

यशोधरानं वही मिटली. तिला रडू येत होतं आणि इथं रडायचं नव्हतं. बाईंनी एक कोरा कागद पुढं सरकवला. “आत्ता सांगितलंस ते लिहून दे. सही कर, तारीख घाल.”

तिनं लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की सही तिची वाटेना. बाईंनी तो कागद खणात ठेवला, कुलूप लावलं, आणि “ये आता” म्हणाल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत.

तिथून ती सीनाकाठला गेली. भाऊसाहेब वैतागले. पालकांना एकदा एक सांगितलं, आता दुसरं काय सांगू, म्हणाले. शेवटी सोमवारच्या अंकात तीन ओळी आल्या: मूळ मजकुरातच चूक होती, अक्षरजुळणी करणाऱ्याचा दोष नाही. खाली तिचं नाव. सदर बंद झालं.

त्या तीन ओळींमुळे भीमराज चार दिवस बाहेर पडले नाहीत. वर्गातल्या दोन मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून घेतलं. शामकांत सरांनी तिचा सकाळचा इंटरनेटचा तास बंद केला. एकदा फोनवर कुणीतरी माणूस हसला आणि “अजून एखादा पत्ता आहे का?” म्हणाला. त्यानंतर महिनाभर तिनं फोन उचलला नाही. तिला धास्ती होती तसा मोर्चा मात्र आला नाही, दारात कुणी उभं राहिलं नाही. अकरा तारखेला आभाळ भरलेलं होतं, ग्रहण नीट कुणालाच दिसलं नाही, आणि लोक दुसऱ्या गोष्टींवर बोलायला लागले.

दिवाळीनंतर भाऊसाहेबांचा निरोप आला. सदर का बंद केलं म्हणून पत्रं येत होती. पुन्हा सुरू करायचं, पण एका अटीवर: मंगळवारी संध्याकाळी तिनं स्वतः येऊन छापायच्या आधी पत्ते ताडून द्यायचे. ती तीन दिवस नाही म्हणत राहिली. चौथ्या दिवशी भीमराजच म्हणाले, “जा. मी खाली थांबतो.”

ती वर गेली तेव्हा गहिनीनाथ पडद्यासमोर बसला होता. ऑगस्टमध्ये त्या तीन ओळी छापून आल्या त्या सोमवारीच तो कामावर परतला होता, पण दोघांची भेट ही पहिलीच. त्यानं मान वर केली नाही.

“दोन दिस घरी बसून हुतो,” तो म्हणाला. “पोरीनं इचारलं, अण्णा, तुमी काय केलं? मला सांगता येईना. मलाच ठावं न्हवतं.”

“मी त्याच वेळी बोलायला हवं होतं.”

“व्हय.” एवढं बोलून त्यानं शेजारची खुर्ची पायानं तिच्याकडे सरकवली. तिनं वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पत्त्याचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागली. तो प्रत्येक अक्षरापाशी बोट थांबवत होता, आणि तिनं पुन्हा म्हटल्याशिवाय पुढचं दाबत नव्हता.