पुलावरच्या पाटीचे दहा टन

मंगळवार, सकाळ. पुलापाशी हजर: वही घेऊन मी, टँकरचालक सदाभाऊ आणि ‘कमाल वजन १० टन’ ही पाटी.

फोनवरच्या, कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशात ही मर्यादा मीच भरली होती, आणि तीही गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या, पूर्ण भरल्यावरच्या वजनाच्या रकान्यात. म्हणून नकाशा सदाभाऊंचा रिकामा टँकरही घाटातून पाठवतो. पलीकडे संकलन केंद्रावर दूध उन्हात थांबलेलं असतं.

“ताई, रिकामा सात टन आहे. भरल्यावर मी घाटानंच येतो. तुमचा नकाशा जातानाच दूध भरून मोकळा!”

गाडीचं आत्ताचं वजन, नोंदणीतलं वजन, एका एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका आसावर येणारं वजन. रकाने तीन, पाटीवर आकडा एकच. बांधकाम खात्याच्या कार्यालयात फोन केला, तर “मॅडम, पाटीवर लिहिलंय की!” माणसांनाही आपण असंच जोखतो. आज खांद्यावर काय आहे ते विचारत नाही, किती पेलेल तेवढं धरून चालतो. पण इथे मी अंदाजाने रकाना बदलला आणि चुकले, तर परवाना सदाभाऊंचा जाईल.

“ठरलं की सांगा,” म्हणत त्यांनी टँकर घाटाकडे वळवला. पाटी नेमकी कोणत्या वजनाची, हे लेखी विचारणारा अर्ज अजून लिहायचा आहे.