जांभळ्या खणाचा फेरा

अनसामावशी बसल्या जागीही चालत असायच्या. शिलाई मशीन समोर नसलं तरी त्यांचा उजवा पाय खालीवर होत राही. भजनात, पंगतीत, अगदी कुणाच्या मयताला टेकल्या तरी. "मावशी, जरा दम धरा की," म्हटलं तर म्हणत, "दम धरून काय करू? मेल्यावर हायेच की निवांत."

जळकोटात त्या आमच्या शेजारी राहत. ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. गावाचे कपडे शिवून पोट भरायच्या. मी शाळेच्या मास्तरांची नवी नवी बायको म्हणून मास्तरीणबाई, त्यातून मॅट्रिक पास. त्याचा मला इतका तोरा, की विहिरीवर घागरसुद्धा शुद्ध भाषेत भरत असे.

एकदा मार्गशीर्षात मी ओटी भरून घेऊन घरी येत होते. मावशींनी माझ्या पदरात डोकावलं आणि फिसकन हसल्या. "मास्तरीणबाई, पाव्हणा परत आला की!"

"कोणता पाहुणा?"

"त्यो जांभळा खण. कोपरा उंदरानं कुरतडलेला. श्रावणात तुमीच पाटलिणीला दिलता. साऱ्या गावच्या ओट्या हिंडून आला बगा. एकीनं बी शिवला न्हाय."

खोटं कशाला बोलू, मीही तो पुढं ढकलणारच होते. मावशींच्या ओटीत कुणी खण घालत नसे. म्हणून तर खणांची ही वरात त्यांना दारात बसून दिसत होती.

त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी गावाबाहेर उतरली. एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत, सव्वा महिन्याचं लेकरू खताच्या पोत्यात गुंडाळलेलं, थंडीनं ओठ निळे. मावशी तिथून तडक माझ्याकडं आल्या.

"समद्या बायांनी पेटीतले खण काढा. हितं कसर लागायली, तितं लेकरू गारठायलंय. झबली शिवते."

आणि मी, मॅट्रिक पास, काय म्हणाले? "सवाष्णीच्या ओटीचा खण तुमच्या हातात कसा द्यायचा, मावशी?"

त्यांचा पाय थांबला. मी तो पहिल्यांदाच थांबलेला पाहिला. त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. देवीच्या आरतीला आम्ही जमलो, तर मावशी पायरीशी उभ्या. शेजारी पोतं छातीशी धरलेली ती बाळंतीण.

"हिची ओटी भरा. सवाष्ण हाय. देवीच्या दारातनं रिकामी धाडायची का? बोला, मास्तरीणबाई!"

नाही कोण म्हणणार? पळापळ झाली, पेट्या उघडल्या. तिचा पदर भरून वाहिला. जांभळा खण मीच घातला. मग तिनं तो पदर मावशींपुढं रिता केला. खण आता तिचे होते; कुणाच्या हाती द्यायचे ते तिनंच ठरवायचं.

पहिलं झबलं घालताच लेकरू किंचाळलं. खणाचा जरीचा काठ टोचत होता. मावशींनी तिथंच उसवलं. "मऊ अस्तर पायजे. मास्तरांचं जुनं धोतर हाय का?" मी दिलं. जुनं आहे का, हे मास्तरांना विचारायचं तेवढं राहिलं. पुढं महिनाभर ते धोतर शोधत होते. पण दिवस मावळायच्या आत लेकरू जांभळ्या झबल्यात शांत झोपलं, आणि ओठांना रंग आला.

तेव्हापासून टोळ्या उतरल्या की आम्ही बायका कोप्यांवर ओट्या भरायला जातो, आणि झबली शिवतो. ऊसपट्ट्यातल्या वाशीला दिलेल्या माझ्या लेकीनं तिकडंही हे सुरू केलं.

गेल्या हिवाळ्यात मावशींनी अंथरूण धरलं. पाय मात्र गोधडीखाली चालूच. मी नवाकोरा हिरवा खण घेऊन गेले. इतक्या वर्षांनी मला त्यांची ओटी भरायची होती.

"आता सुचलं व्हय, मास्तरीणबाई?" म्हणत त्यांनी खण पदरात घेतला. जरा वेळ तसाच धरून बसल्या. मग बोटांनी ताणून पन्हा पाहिला आणि माझ्याच हातात ठेवला. "दोन झबली निघत्याल. माझ्यासंगं जाळू नका."

दोन दिवसांनी पाय थांबला.

त्या दोन म्हणाल्या होत्या, माझ्या हातून दीडच निघालं. उरलेलं अर्धं पुरं करायला सकाळपासून मऊ अस्तर शोधत घरभर फिरतेय. नातवानं त्याचा आवडता सदरा कपाटात कुलपात ठेवलाय.