बुंदी आणि बाभळीखालची बाळंतीण

चहा घ्या आधी. गार झाला म्हणून मला बोलू नका, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकताना तुमचा हात कपाकडे जाणार नाही. आजपर्यंत मी तुम्हाला गावभरच्या फजित्या सांगितल्या. ही माझी स्वतःची आहे. आणि यात एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. हसताय काय? बरं, एखादं असेल.

आमची कॉलनी भोकरदन रोडला. कॉलनी म्हणजे वीस-बावीस घरं आणि बाकी सगळे रिकामे प्लॉट. शेजारी रिटायर्ड देशमुख सर आणि त्यांच्या मिसेस, देशमुख काकू. आमच्या दोघांच्या घरांसमोर एक मोकळा प्लॉट आणि त्याच्या मधोमध एक बाभूळ. तिथला खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद. रात्री तिकडं पाहिलं की लांब एमआयडीसीतल्या भट्ट्यांचा तांबूस उजेड आभाळाला लागलेला दिसतो, आणि त्या उजेडावर ती बाभूळ, काळीकुट्ट, फांद्या पसरून उभी. दिवसा शेळीसुद्धा तिच्याकडं ढुंकून बघत नाही. रात्री मात्र तीच आपल्याकडं बघतेय असं वाटतं.

तर अशा घरात बुंदी आली. दोन-अडीच महिन्यांचं कुत्रीचं पिल्लू, अंगावर पिवळे ठिपके. माझा मेहुणा दत्ता बदनापूरला असतो, त्याच्या शेतावरून आमच्या ऋतुजानं ती आणली. पोरगी बारावीला. अभ्यासाला बसली की मांडीवर बुंदी, जेवायला बसली की मांडीवर बुंदी. दिवसा पिल्लू एकदम शहाणं. रात्री तीन वाजले की घरात डबकं. कधी सोफ्यापाशी, कधी फ्रीजपाशी, आणि एकदा माझ्या चपलेत, बराबर डाव्या.

बायकोनं उपाय केला. लोक फाटकाबाहेर कुंकवाच्या लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात ना, कुत्रं मुतू नये म्हणून? तशा चार बाटल्या तिनं घराच्या चार कोपऱ्यांत ठेवल्या. बुंदीनं त्यातली एक आडवी पाडली आणि तिला कवटाळून झोपली.

आठव्या दिवशी बायको पोछा हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, रविवारी दत्ता तुरीची डाळ घेऊन येणारे. आजपासून तवर घरात एकदा जरी सांडलं ना, तर ही त्याच्यासंगं बदनापूरला परत."

"अगं, लेकरू आहे ते."

"लेकराला लंगोट बांधता येतो. हिला बांधता का?"

ऋतुजा बुंदीला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. तुम्हाला मुली असतील तर त्या दाराचा आवाज तुम्हाला माहीत असेल. मी त्याच क्षणी ठरवलं, बुंदी कुठंही जाणार नाही.

आमच्या बियाणं कंपनीत रफिकभाई म्हणून मशीनवर आहेत. त्यांनी आयुष्यभर कुत्री पाळली. त्यांना विचारलं.

"साहब, कुत्ता शाणा रैता, मालक येडा रैता," ते म्हणाले. "रात को तीन बजे उठाओ. रोज एकच जागा, एकच टाइम, एकच लफ्ज. फडक्याला तिचाच वास लावा न् तिथं बांधून टाका. चार दिन में बराबर."

सोमवारच्या रात्रीपासून मी कामाला लागलो. जागा बाभळीखालची. बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा डबक्यात बुडवून बाभळीला बांधला. लफ्ज ठरवला, "आटप." आता थंडी तर अशी की दात वाजावेत. म्हणून मी पांढरी सोलापुरी चादर डोक्यावरून घ्यायचो, पायापर्यंत. बुंदी गारठ्यात चालायची नाही, तिला चादरीच्या आत पोटाशी धरायचो. ती आतून कुईं कुईं करायची. बाभळीखाली उकिडवा बसायचो, तिला खाली सोडायचो आणि हळू आवाजात म्हणायचो, "आटप बाई, आटप." शेजाऱ्यांची झोप मोडू नये ना. मी फार विचारी माणूस आहे.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही रात्री घर कोरडं. बायको गप्प, पोरगी खूश, मी राजा.

गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो तर देशमुख सर कोपऱ्यात आक्रसून बसलेले. मफलर कानावर, कप हातात.

"जाधव, जरा इकडं या. कुणाला बोलू नका. तुमचा विश्वास हाय का असल्या गोष्टीवर?"

"कसल्या?"

"मला आताशा रात्री उठावं लागतं. तीनला. बाथरूमची खिडकी त्या प्लॉटवर. परवा पाहिली, काल पुन्हा पाहिली." सरांनी कप खाली ठेवला. "पांढरी बाई. तोंड न्हाई. पोट हे एवढं. आणि पोटातून, जाधव, लेकरू रडून राह्यलं होतं."

माझ्या मानेवर काटा आला. खोटं नाही सांगत.

"बाभळीखाली बसली. आटप आटप म्हणत होती. मी आपला देवघरात जाऊन बसलो. कुणाची वेळ भरली कुणास ठाऊक. बाळंतीण हाय जाधव ती. अडून मेलेली."

तुम्हाला कळलं, मला दिसतंय. तुमच्या तोंडावरच आहे. पण मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, मला कळलं नाही. सर बाई म्हणत होते, आणि मी बाई नाही, हे मला पन्नास वर्षांपासून पक्कं माहीत आहे. माझ्या डोक्यात एकच विचार आला. रोज तीनला त्या बाभळीखाली मी असतो. मला ती कधीच दिसली नाही. म्हणजे ती माझ्या पाठीमागं उभी राहत असणार.

आता खरी चूक ऐका. घाबरलेला माणूस गप्प बसतो. पण माझ्यासमोर अर्धवट गोष्ट आली की मला ती पुरी केल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्ही जाणताच. टपरीवर आणखी चार-पाच जण कान देऊन होते. मी आवाज खाली आणला.

"सर, तुम्ही विषय काढला म्हणून सांगतो. ले-आउट पडायच्या आधी इथं कपाशी होती. गोदा म्हणून एक वेचणीला यायची. दिवस भरलेले. कळा सुरू झाल्या त्या ह्याच बाभळीखाली. बैलगाडी आणायला गेलेला नवरा आला तवर..."

"तवर?" टपरीवाल्यानं दुधाचं पातेलं उतू जाऊ दिलं.

"तवर दोघंही गेल्ते. पुढं ही बाभूळ तोडायला तीनदा माणसं आली. तिन्ही वेळा कुऱ्हाडीचा दांडा मोडला."

सगळं मनचं. गोदा मनची, कपाशी मनची, कुऱ्हाडी मनच्या. चहा संपवून मी मोठ्या समाधानानं ड्यूटीवर गेलो.

त्या रात्रीही बुंदीला घेऊन निघालो. बाभळीखाली बसलो, पण पाठ झाडाच्या बुंध्याला लावून, म्हणजे मागं कुणी उभं राहायला जागा नको. वारा नव्हता, तरी बांधलेलं फडकं हललं. मी "आटप" म्हणालो आणि माझाच आवाज मला बाईसारखा वाटला. बुंदीनं उरकल्याबरोबर तिला उचलून जो निघालो तो घरातच श्वास घेतला.

शुक्रवारी दुपारी डबे सोडले तर रफिकभाई म्हणाले, "साहब, तुमच्या कॉलनीत गोदावरी निकली म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पूरा एमआयडीसी बोल रहा. बेचारीच्या एकाच पायात जोडवं. दुसरं बाभळीखाली गाडलेलं हाय. वो ढूंढने कू आती."

माझा घास तोंडातच राहिला. मी जोडव्याचं काही बोललोच नव्हतो.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी जे बोललो ते खोटं होतं, हे मला माहीत होतं. पण जे मी बोललोच नाही, ते खोटं कशावरून? कुणीतरी खरी गोष्ट सांगत होतं आणि ती माझ्या गोष्टीला येऊन जुळत होती. नाव गोदा मला सुचलं की कुणी सुचवलं? दुपारभर मशीनच्या घरघरीत मला लेकरू ऐकू येत होतं.

शुक्रवारी रात्री मी प्लॉटवर गेलो नाही. चादर घेतली, बुंदीला पोटाशी धरलं आणि गच्चीवर गेलो. म्हटलं, इथंच उरकू दे. पण रफिकभाईंचं शिक्षण पक्कं. एकच जागा म्हणजे एकच जागा. बुंदी कठड्यापाशी जाऊन बाभळीकडं तोंड करून रडायला लागली. मी तिला परत चादरीत घेऊन कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या, "आटप बाई, आटप" करत. मधून मधून खाली बघत होतो. प्लॉट मोकळा. बाभळीखाली कुणीच नव्हतं.

आणि मग डोक्यात आलं, तीन वाजलेत आणि ती तिथं नाही. मग ती आहे कुठं?

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. बुंदीनं बिचारीनं सहापर्यंत कळ काढली. उजाडल्यावर ऋतुजानं तिला नेलं.

शनिवारी सकाळी देशमुख सर फाटकातच भेटले. आत यायला तयार नाहीत.

"जाधव, मन घट्ट करा," ते म्हणाले. "काल ती प्लॉटवर नव्हती."

"माहितंय मला."

"काल ती तुमच्या गच्चीवर होती. येरझारा घालत होती."

मी तिथंच पायरीवर बसलो. म्हणजे ती माझ्यासोबत वर आली होती. माझ्या मागं मागं, जिन्यानं.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं की गच्चीवर काय करत होता, आणि बुंदीची शिस्त मोडली हे कळलं असतं. एक रात्र राहिली होती. फक्त एक. सकाळी दत्ता येणार.

त्या दिवशी ड्यूटी लांबली, घरी यायला दहा वाजले. जेवलो, झोपलो. आपोआप डोळे उघडले. तीन. पलंगाखाली नखांचा आवाज. बुंदी दारापाशी जाऊन परत येत होती, परत जात होती. तिला थांबवत नव्हतं. आतल्या खोलीत ऋतुजा झोपेत काहीतरी पुटपुटली. मी चादर घेतली. बापाला काय काय करावं लागतं बघा.

बाहेर धुकं उतरलेलं. भट्ट्यांचा उजेडही त्यात विरघळून गेलेला, सगळीकडं नुसता तांबूस धूर. चपलेचा आवाज होऊ नये म्हणून अनवाणी निघालो. बाभूळ अगदी जवळ आली तेव्हा दिसली. आणि तिच्या बुंध्याशी ती बसलेली होती.

हिरवी साडी. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. तोंड नाही. पायाशी हळदी-कुंकू, विझत आलेला दिवा. आणि हलकेच, अगदी हलकेच बांगड्या वाजल्या.

बुंदी माझ्या हातातून सुटली आणि सरळ तिच्या मांडीकडं गेली. शेपूट हलवत.

मी काय केलं? मी ओरडलोसुद्धा नाही. चादर कुठं पडली, उंबऱ्यात कसा आपटलो, कडी कशी लावली, काही विचारू नका. दाराला पाठ लावून किती वेळ बसलो होतो देव जाणे. मग उठून अंधारातच कपडे बदलले आणि पांघरुणात शिरलो.

सकाळी जाग आली ती दत्ताच्या आवाजानं. अंगणात मोटारसायकल, दारात तो, हातात डाळीची पिशवी.

"अक्का, हे काय? दारातच डबकं."

कडी काढून आत वळलेली बायको परत आली. बघितलं. कमरेवर हात ठेवला. "झालं. शेवटच्या दिवशीच घाण केली. कुठाय ती?"

ऋतुजा डोळे चोळत बाहेर आली आणि डबकं बघून तिचा चेहरा असा पडला की मला पांघरुणाबाहेर यावं लागलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पुढं देशमुख काकू, त्यांच्या हातात हिरव्या साडीत गुंडाळलेली बुंदी, तोंडाला खोबरं. मागं सर, त्यांच्या हातात माझी चादर.

"अगं, काल संध्याकाळी मी त्या बाळंतिणीची ओटी भरली होती," काकू बायकोला म्हणाल्या. "बाभळीला साडी नेसवली, फांदीला बांगड्या अडकवल्या. आता बघते तर हे ध्यान साडीत झोपलेलं. रात्रभर तिथंच असणार. बाजूला जाऊन सूसुद्धा करून आली, साडीला एक थेंब न्हाई."

"आणि ही चादर," सर म्हणाले. ते माझ्याकडं बघत होते. चादरीला आतून, पोटाच्या जागी, पिवळे केस चिकटलेले होते. "जाधव, तुम्ही रोज रात्री ही घेऊन बाहेर येता का हो?"

मी मान डोलावली. सरांनी चादर नीट घडी करून माझ्या हातात दिली.

ऋतुजानं बुंदीला घेतलं. "मम्मी, ही रात्रभर बाहेर होती. दाराला आतून कडी होती. मग घरात हे..."

बायकोची नजर डबक्यावरून निघाली आणि मोरीपर्यंत गेली. मोरीत बादली होती. बादलीत माझा रात्रीचा पायजमा भिजत होता.

"अक्का," दत्तानं विचारलं, "अट काय ठरली होती?"

"घरात सांडलं तर बदनापूरला परत," बायको म्हणाली. तिनं पदर तोंडावर धरला होता.

दत्तानं डाळीची पिशवी खाली ठेवली, बाहेर जाऊन मोटारसायकलची मागची सीट फडक्यानं पुसली आणि मला हाक मारली.

"चला दाजी, बसा."