अंगठ्याजवळची सुई

पाठीवर गठुडं घेऊन रेशीम विकणारा एक चिनी माणूस उन्हाळ्यात सोलापूरला येई. एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. कुणाचा दात दुखला, की तो सुया टोचायचा, त्याही हाताला. माझ्या विधवा नणंदेला त्याच्यापुढे मीच बसवलं. ते आठवलं की आजही माझा मला संताप येतो.

आदल्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. त्याने माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली, आधी हलकी, मग दाबून. जीभ पाहिली. अंगठ्यापासून दंड, मान, गाल अशी बोटाने रेघ ओढून म्हणाला, "एक ही रास्ता." मग अंगठ्याजवळच्या बेचक्यात केसासारखी सुई घालून ती फिरवली. हाताला मुंग्या आल्या आणि दाढ गप्प झाली. मी गल्लीभर सांगत सुटले.

वन्संचं डोकं महिनाभर दुखत होतं. फोडणीचा वास आला की त्या परसात निघून जायच्या. पित्त असेल, असं मी धरून चालले आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोप्यात बोलावलं.

"मला न्हाय दाखवायचा हात, वैनी," त्या म्हणाल्या. चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, सुईला भितात.

"ल्हान पोरीवानी काय करताय? द्या की," म्हणत मी त्यांचं मनगट ओढून त्याच्यापुढे धरलं.

या वेळी त्याची बोटं बराच वेळ थांबली. मग त्याने सुई डबीत परत ठेवली. वन्संनी पदर पोटाशी घट्ट ओढला. निदान तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं. मी मोठ्यानं म्हणाले, "काल मला हितंच टोचली की. आज का न्हाय?"

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई उठून दारात आल्या.

तो नाइलाजाने म्हणाला, "ये सुई नहीं. बच्चा गिरेगा."

तो गेल्यावर सासूबाईंनी दार लावलं. आवाज न चढवता विचारलं, "कितवा?"

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या.

तीन दिवसांनी त्यांना मंगळवेढ्याच्या पुढं कुठल्याशा खेड्यात नेऊन सोडलं. गावाचं नाव मला कुणी सांगितलं नाही. त्या परत आल्या नाहीत.

माझी दाढ मात्र पुन्हा कधी दुखली नाही. दुखली असती तर बरं झालं असतं.