पट्टा पडेपर्यंत

बायनाबाईनं बारा गोरे पाहुणे फाटकातून परत लावले, ही बातमी जिंतूरला पोचायला एक जीप पुरली. पाथरीला माझ्या मेव्हण्याच्या दुकानावर ती गेली तेव्हा बाराचे पंचवीस झाले होते आणि बायनाबाईच्या हातात कोयता आला होता. कोयता वगैरे काही नव्हता. हाताला ज्वारीचं पीठ होतं. मी स्वतः तिथं उभा होतो, दुभाष्या म्हणून. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवली, पण इंग्रजीत बोलायची पाळी माझ्यावर बायनाबाईनंच आणली, आणि तीही माणसांना 'येऊ नका' म्हणून सांगायला.

आमचं गाव जिंतूरच्या पुढं, माळावर. दिवाळीच्या पणत्या विझल्या की वेशीत ट्रॅक्टर लागतात आणि अर्धं गाव ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांकडं निघून जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं धरत नाही, कोयते धरतो. लेकरं बरोबर गेली तर उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात, थोरलं धाकट्याला सांभाळतं, आणि शाळा जी सुटते ती सुटतेच. ऊस संपून कारखाना बंद झाला की म्हणतात, पट्टा पडला. मग माणसं घरी येतात. तोवर उन्हाळा लागलेला असतो.

बायनाबाईनं नवऱ्याबरोबर, सूर्यभानबरोबर, वीसेक हंगाम काढले. तिची लेक राजेश्री कोपीतच वाढली. दुसरीच्या पुढं शाळा नाही. पंधराव्या वर्षी लग्न, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती स्वतःच कुणाच्या तरी टोळीतला कोयता झाली. त्या साली ट्रॅक्टर दारात उभा असताना बायनाबाई चढलीच नाही. सूर्यभान खूप बोलला, टोळीतल्या बायकांनी हात धरून ओढलं. ती ओट्यावर बसून राहिली आणि म्हणाली, ज्यांना लेकरं मागं ठेवायची असतील त्यांनी माझ्याकडं ठेवा. पहिल्या वर्षी सात-आठ आली. जाताना आईबाप ज्वारीचं एकेक पोतं टाकून गेले. हीच त्या शाळेची स्थापना. कोनशिला बसवायला कुणी आलं नव्हतं.

पुढं परभणीच्या एका संस्थेनं पत्र्याचं शेड बांधून दिलं. मागं ठेवलेल्या लेकरांना सकाळ-संध्याकाळ शिकवायची सोय झाली, दुपारी ती माझ्या शाळेत यायची. संस्थेच्या पाठोपाठ परदेशी स्वयंसेवक आले. तीन आठवडे राहायचे, गाणी शिकवायचे, भिंतींवर हत्ती-फुलपाखरं काढायचे आणि हार घालून घेऊन जायचे. आमच्या तालुक्यात हत्ती कुणी पाहिला नव्हता, पण भिंतीवर छान दिसायचा. मला त्यात वावगं वाटत नव्हतं, कुणालाच वाटत नव्हतं.

मग जर्मनीची क्लारा आली. पोरगी खरोखर गुणाची. लेकरांच्या डोक्यातल्या उवा काढायची, बादलीनं पाणी ओढायची. झुंबरबाईची भक्ती, तेव्हा तिसरीत असेल, तिच्या पदराला चिकटली; म्हणजे क्लाराला पदर नव्हता, ओढणी होती, ती धरून फिरायची. तीन आठवडे झाले, जीप आली, फोटो निघाले, क्लारा रडत रडत बसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भक्ती अंथरुणात नव्हती. जिंतूरच्या रस्त्यावर एका ओळखीच्या जीपवाल्याला ती सापडली. कुठं निघालीस विचारलं तर म्हणाली, बाईला आणायला.

तिला परत आणलं, पण तिनं खाणं सोडलं. बायनाबाईनं मांडीवर घेऊन भरवलं, दटावून पाहिलं. अखेर झुंबरबाईला फोन गेला. ती कारखान्यावरून आली, लेकरू उचललं, आणि बायनाबाईला एवढंच बोलली, "उसात वाढंल, पन माझ्या पुढ्यात वाढंल." तिचंही चुकलं असं कोण म्हणेल? पुढच्या दिवाळीलाही तिनं भक्तीला ठेवलं नाही. तिचं पाहून आणखी दोन घरांनी लेकरं नेली. बायनाबाईनं वर्षानुवर्षं जोडलेलं एका जीपनं विस्कटायला सुरुवात झाली.

भक्ती गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बायनाबाईनं नियम केला. पाहुणा कुठलाही असो, दिवाळीला यायचं आणि पट्टा पडेपर्यंत राहायचं. नाहीतर यायचंच नाही.

संस्थेचे दिनकरराव समजूत घालायला आले. माणूस वाईट नाही, पण फोटोशिवाय त्यांना चहा जात नाही. ते म्हणाले, परदेशात लोकांना तीन आठवड्यांची रजा मिळते, पाच महिने कोण देईल? शिवाय लेकरांना तेवढाच विरंगुळा. मायबाप सोडून गेलेली लेकरं, त्यांना कुणीतरी प्रेम लावतंय.

बायनाबाई तांदूळ निवडत होती. ताटातून नजर न काढता बोलली. "आमचं माणूस उसातून अर्ध्यात निघालं तर मुकादम जीपमधी घालून वापस आनतो. तुमचं माणूस अर्ध्यात निघालं की तुमी त्याला हार घालता. ही कुठली रीत? मायबाप पोटासाठी जातेत, ते लेकराला कळतंय. पट्टा पडला की येतेत, ते बी कळतंय. पन जे हौसेनं येतंय आन हौसेनं जातंय, ते लेकराला कसं सांगावं? लेकरं काय जत्रेतला पाळना हायेत, चार चकरा मारल्या आन उतरले?"

दिनकररावांनी माझ्याकडं पाहिलं. मी तांदळाकडं पाहिलं.

त्यांना वाटलं, बाई बोलते तेवढं करणार नाही. जानेवारीत ते बारा जणांना घेऊन आलेच. पेन्सिली, फुगे, चेंडू, सगळा सरंजाम. बायनाबाईनं फाटक लावून घेतलं. लेकरं माझ्या शाळेत होती, तिनं मुद्दाम तिकडंच थांबवली. पण पाहुणा उपाशी परत पाठवणं तिच्या रक्तात नाही. रस्त्याच्या पलीकडं तिच्या घरासमोर सतरंजी टाकली आणि बाराही जणांना पिठलं-भाकरी, ठेचा वाढला. ठेच्यानं काहींचे डोळे भरले. तेवढेच अश्रू त्या दिवशी गावात निघाले. जेवण झालं आणि मला म्हणाली, "सांगा, गुर्जी. जेवलात, बरं वाटलं. आता या."

मी शक्य तेवढ्या गोड इंग्रजीत सांगितलं. बहुतेकांचे चेहरे पडले, एकदोघं चिडले. त्यांच्यात मार्टा नावाची पोर्तुगालची एक तिशीतली बाई होती. तिची इंग्रजी माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळं आमचं जमलं. तिनं कारण विचारलं. मी भक्तीची हकिगत सांगितली. तिनं माझा फोन नंबर घेतला आणि इतरांबरोबर जीपमध्ये बसली.

संस्थेनं अंग काढून घेतलं. फलक उतरवून नेला. पत्रे नेले नाहीत, कारण उचलायला गावात गडीच नव्हते, सगळे उसात. शेडात ज्वारी कमी पडू लागली, तेव्हा बायनाबाई दारोदार हिंडली. लोक धान्य द्यायचे आणि वर बोलायचे, घरचं सोन्याचं ताट लाथाडलं बाईनं. ती ऐकून घ्यायची, पण पायली भरून घेतल्याशिवाय उठायची नाही.

त्याच हंगामात, माघात, राजेश्रीचे दिवस भरले. तिचा फोन आला, माय, ये. कोपीत बाळंतपण व्हायचं होतं, सासू नव्हती. सगळं गाव म्हणालं, जा. मीही म्हणालो, चार दिवस मी लेकरं पाहतो. बायनाबाई दिवसभर चुलीपुढं बसली आणि गेली नाही. आत पस्तीस लेकरं होती, आणि आदल्या वर्षीची भक्ती तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. राजेश्रीला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या, पण लेकीनं आईशी बोलणं टाकलं. गावानं बायनाबाईला दगड म्हटलं. मीही घरी बायकोशी बोलताना म्हटलं. तिचं बरोबर होतं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या दिवाळीला मार्टा आली. एकटीच, नोकरी सोडून, एसटीनं. बायनाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्यामार्फत एकच गोष्ट विचारली, पट्टा पडेपर्यंत? मार्टानं मान हलवली. पहिले काही दिवस तिला लेकरांजवळ बसू दिलं नाही. भांडी, झाडलोट, दळण एवढंच. मार्टानं तोंड वाकडं केलं, पण केलं.

ट्रॅक्टर निघायच्या दिवशी झुंबरबाई भक्तीला घेऊन फाटकात आली. दोन हंगामांत पोर उंच झाली होती, हातावर पाचटाचे ओरखडे होते. झुंबरबाईनं मार्टाकडं बोट केलं. "ही बी मधीच जानार असंल तर आत्ताच सांगा. मी लेकराला घेऊन चढते."

बायनाबाई म्हणाली, "जानार न्हाई. माझी जबान हाय."

 झुंबरबाईनं भक्तीचा हात सोडला आणि मागं न बघता ट्रॅक्टरकडं गेली.

भक्ती आधी मार्टाच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. संक्रांतीपर्यंत वाचायला शेजारी बसायला लागली. मार्टानं चित्रं काढली नाहीत की गाणी शिकवली नाहीत. तिला हिशेब चांगला यायचा, आणि मराठी आकडे ती लेकरांकडूनच शिकली, त्यामुळं कोण कुणाची बाई हे कधी कधी कळायचं नाही.

मग फेब्रुवारीत मार्टा माझ्याकडं आली. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आठवडाभराची सुट्टी, परत यायचं तिकीटही काढलेलं. मला रास्त वाटलं. मी बायनाबाईकडं गेलो, वकिली केली, म्हटलं, सख्ख्या बहिणीचं लग्न आहे, आणि ती परत येतेय.

बायनाबाई म्हणाली, "न्हाई."

मार्टा भडकली. मी कैदी नाही, म्हणाली. बायनाबाईला इंग्रजी कळत नव्हती, पण आवाज कळला. ती म्हणाली, "तिला सांगा, फाटकाला कुलूप न्हाई. जायचं तर जावं. पन भक्तीला तिनंच सांगावं, आन झुंबरबाईला फोन बी तिनंच लावावा." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली.

बाकीचं मी सांगितलं. राजेश्रीचं बाळंतपण, कोपी, तो फोन, आणि तेव्हापासूनचा अबोला. बायनाबाई हे स्वतः कधी सांगणार नव्हती. मार्टा ऐकत राहिली. दोन दिवस ती बायनाबाईशी बोलली नाही, जेवली मात्र तिच्याच हातचं. तिसऱ्या दिवशी वेळेवर शिकवायला बसली. लग्नाच्या दिवशी तिनं माझ्या अंगणातून फोनवर बहिणीला पाहिलं आणि तिथंच बसून हमसून हमसून रडली. बायनाबाईनं तिला गूळ-शेंगदाणे पाठवले. माफी मागितली नाही.

चैत्र लागला आणि फोन आले, पट्टा पडला. लेकरं सकाळपासून फाटकाला लोंबकळत होती. पहिला ट्रॅक्टर वेशीत दिसला आणि बायनाबाईनं फाटक सताड उघडलं. सगळी लेकरं सुटली. भक्ती सगळ्यांच्या पुढं होती. झुंबरबाई खाली उतरायच्या आत तिनं तिच्या कमरेला मिठी मारली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि बडबडत घराकडं चालू लागली. मार्टा फाटकात हात वर करून उभी होती. भक्तीनं एकदाही वळून पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. मार्टाचे डोळे वाहू लागले.

शेवटचा ट्रॅक्टर राजेश्रीच्या सासरच्या टोळीचा होता. त्यांचं गाव आमच्या पुढं, रस्ता वेशीतूनच. राजेश्री वरच बसलेली, मांडीवर वर्षाची पोर. बायनाबाई दोन पावलं पुढं झाली. राजेश्रीनं पोरीच्या तोंडावर ऊन लागू नये म्हणून पदर धरला आणि समोर पाहत राहिली. ट्रॅक्टर थांबला नाही. बायनाबाई धूळ बसेपर्यंत रस्त्यावर उभी होती.

मग ती वळली. मार्टाला रडताना पाहिलं आणि मला म्हणाली, "तिला सांगा, असंच पायजे. सोडून जायचं तर लेकरानं जावं. मोठ्यानं न्हाई."

मी सांगितलं. तोवर बायनाबाई शेडातल्या वाकळा उन्हात टाकायला गेली होती.